जाहिरात, तिसऱ्यांदा

मसुदा मीच टाइप केला होता.
'शल्यचिकित्सक-संशोधक. पद एक.
आठवड्यातून चार दिवस शस्त्रक्रिया, दोन दिवस प्रयोगशाळा.'
मधली ती आडवी रेघ
साहेबांनी दोनदा खोडली, दोनदा परत घातली.
तिथे 'आणि' हवं की 'तथा',
यावर चहा निवून गेला.

एकतीस वर्षं आस्थापना विभागात काढली मी.
दांडिया बाजारातून सायकलने येतो.
परिचारिका भरल्या, कंपाउंडर भरले,
एकदा शवागाराला रात्रपाळीचा माणूस.
ते सोपं होतं,
माणूस भित्रा नसला की झालं.
हे पद निराळं.
हात पाहिजे, आणि त्या हाताविषयी शंकाही पाहिजे.
ही अर्हता कुठल्या रकान्यात घालू?

अर्ज सात. हजर तीन.

पहिल्याने आकडा सांगितला: चार हजार पित्ताशयं.
समितीच्या माना डोलल्या.
'आणि ते दोन दिवस?'
'निबंध लिहून देणारी मुलं मिळतात ना, साहेब.'

दुसरा सूक्ष्मदर्शकाचा माणूस.
पाच वर्षांत टाका घातला नव्हता,
तसं त्याने न विचारता सांगितलं.
मला तो आवडला. समितीला नाही.

तिसरी इरावती फणसे,
भरूचहून सकाळच्या मेमूने आलेली,
मांडीवर डब्याएवढी पेटी.
'बेन, तुम्ही आधी कोण?' मजमुदार डॉक्टर म्हणाले,
'सर्जन की सायंटिस्ट?'

खिडकीतून विश्वामित्री दिसते आमच्या.
पाणी उतरलं होतं, एक मगर
जबडा उघडा टाकून उन्हात पडलेली.
तिकडे बघत ती म्हणाली,
'त्या भांडतात, पाय फाटतो,
आणि त्याच घाणीत जखम भरून येते.
माझ्याकडे अकरा नंबरवर लीलाबेन आहेत.
चादर स्वच्छ, पट्टी स्वच्छ, माझे हात स्वच्छ.
आधी अंगठा गेला. मग पाऊल. मग गुडघ्याखालचं सगळं.
तिन्ही वेळा शस्त्रक्रिया यशस्वी.
मी आधी कोण, ते तुम्ही ठरवा.
मला ती जखम का भरली नाही, एवढंच बघायचंय.'

इतिवृत्तात मी 'यशस्वी' लिहिलं
आणि पेन तिथेच अडलं.

मग तीच विचारू लागली.
उणे ऐंशीचा फ्रीझर आहे?
रात्री दोनला वीज गेली तर कोण उठणार?
गुरुवारी मी प्रयोगशाळेत,
आणि कॅज्युअल्टीतून फोन आला, तर?
'तर काय, याल तुम्ही,' साहेब हसले.
'येईनच. म्हणून तर विचारते.
दर गुरुवारी येईन,
आणि मार्चअखेर तुम्ही विचाराल, शोध काय लावलात?'

प्रयोगशाळेच्या दिवसांचा शस्त्रक्रिया-भत्ता कापला जाईल,
हा नियम वाचून दाखवणं माझं काम.
दाखवला, मान वर न करता.

'सारू, कळवतो,' म्हणाले सगळे.
शेरा पडला: उमेदवार योग्य, अटी पदास अनुरूप नाहीत.
पुन्हा जाहिरात द्यावी.

जिन्यात गाठलं तिने मला.
'इथे बर्फ कुठे मिळेल हो? पेटीतला वितळतोय,
विद्यापीठात पोचवायचंय, एका मैत्रिणीकडे.'
फाटकाबाहेरच्या उसाच्या गाड्यावर नेलं.
गाडीवाल्याने लादी फोडून दिली, पैसे घेतले नाहीत.
'आत काय आहे?' मी विचारलं.
'अकरा नंबर,' ती म्हणाली,
आणि ओल्या बोटांनी झाकण लावलं,
चारही बाजूंनी दाबून.

संध्याकाळी मसुदा तिसऱ्यांदा काढला.
आडवी रेघ ठेवली.
'दोन दिवस प्रयोगशाळा'च्या पुढे
माझ्या अधिकारात न बसणारी एक ओळ घातली:
'या दोन दिवशी फोन केला जाणार नाही.'
मग फाइल साहेबांच्या टेबलावर,
सहीच्या गठ्ठ्यात, मधोमध,
जिथलं ते सहसा वाचत नाहीत.