तिसरा शिक्का

महालात, कोतवालीच्या मागच्या गल्लीत आमचं वाचनालय.
वर्गणी महिना साठ रुपये.
मे महिन्यात लोक पुस्तकासाठी कमी,
कूलरसाठी जास्त येतात.

'गिट्टीखदान'वर तारखांचे शिक्के इतके
की मागची चिठ्ठी तीनदा बदलली.
बांधणी दोनदा.
एकशे बाराव्या पानावर कोणाच्या तरी पोह्यांची तर्री सांडलीय.

शेजारी 'गिट्टीखदान : उत्तरार्ध'.
दोन शिक्के.
त्यातला एक खुद्द लेखिकाबाईंचा.

पुष्पलता ठवकर. एकदाच आल्या होत्या,
भाजीच्या पिशवीतून सांबार डोकावत होता.
"दुसरा भाग नेते का जी कोणी?"
"नेतात ना," म्हणालो,
आणि रजिस्टर मिटलं.
मग त्यांनी तो स्वतःच नेला, आठ दिवसांनी आणून दिला.
बघितलं असेल, कुठे पान दुमडलंय का.

मीही सांगायचो सगळ्यांना,
पहिल्याची सर नाही.
एकोणीस वर्षं सांगितलं.
न वाचता.

पहिल्याच्या शेवटी बेबीनंदा
मोरभवनवरून सावनेरच्या बसमध्ये बसते,
खिडकीतून हात बाहेर काढते, आणि पुस्तक संपतं.
तो हात लोकांना फार आवडला.
तिकीट कुठवरचं होतं,
विचारायला कोणी आलं नाही.

परवा रद्दीत काढायची पुस्तकं घरी आणली.
मालती चाळत बसली. मालती माझी दुसरी.
मी बिजवर. हा शब्द आमच्याकडे अजून वापरतात,
पंगतीत, हळू आवाजात,
ऐकू जाईल इतक्याच हळू.
तिच्या पाटवड्यांना, तिच्या हसण्याला
बावीस वर्षं कोणी ना कोणी म्हणत आलं,
पहिली मात्र...
आणि वाक्य तिथेच सोडून द्यायचं,
तिनं उचलावं म्हणून.

"कोरंच आहे की हे. काहून टाकता?"
"दुसरा भाग आहे."
"मंग?"

त्या 'मंग'चं उत्तर माझ्याजवळ नव्हतं.

रात्री लाइट गेली. गच्चीवर मोबाईलच्या उजेडात उघडलं.
पहिल्याच पानावर बस सावनेरला थांबते,
बेबीनंदाला उलटी होते.
खिडकीतला तो हात
आता तोंड पुसतो.

मधली चाळीस पानं कंटाळवाणी आहेत, खोटं कशाला बोलू.
पतसंस्थेचे हप्ते, गुडघा, घरभाडं, पुन्हा गुडघा.
मी दोनदा झोपलो.
मग ती परत येते, पंचवीस वर्षांनी, त्याच चौकात,
पानठेल्यावर पन्नासचे सुटे मागते.
तिच्यासाठी विहिरीत उडी घ्यायला निघालेला तो,
तोच सुटे मोजून देतो.
वर पाहत नाही.
ती नोटा मोजते. बरोबर असतात.

मी अंथरुणावर उठून बसलो.
पहिल्या भागात असं काही नाही.
असूच शकत नाही,
त्यानं पंचवीस वर्षं आणायची कुठून?

सकाळी रजिस्टरात माझं नाव लिहिलं, सभासद क्रमांकासह.
चिठ्ठीवर तिसरा शिक्का. शाई जरा पसरली.
बाईंच्या नंबरवर फोन लावला.
तो आता हिंगण्याच्या एका टायरवाल्याकडे आहे.
"कोण बाई? टायर पाहिजे का?"

दुपारी एक पोरगी पहिला भाग परत घेऊन आली, डोळे सुजलेले.
"दुसरा चांगला आहे का, काका?"
एकोणीस वर्षांचं वाक्य जिभेवर आलंच होतं.
"मधे गुडघा फार आहे," म्हटलं.
"तेवढा सोस."

ती गेल्यावर डबा उघडला.
पाटवड्या होत्या. मीठ जरा कमी.
कोणापेक्षा,
ते आठवायचं राहून गेलं.