ठासणीची

पहिलं वर्ष नुसतं कानशीत गेलं.
दस्तगीर शिकलगार म्हणाला,
घोडा, चाप, नळी नंतर.
आधी एक पट्टी सपाट करून आण.
आणली. त्यानं ती उन्हात धरली,
एक डोळा मिटला, परत दिली.

चौतीस वर्षं जॉबर होतो मी,
चाळीस माग आवाजावरून ओळखायचो.
हात मात्र घाईला सोकावलेले.

मग लाकूड. आजोबांच्या हातमागाची तुळई
भद्रावती पेठेत माळ्यावर पडून होती,
शिसवी, खिळ्यांच्या भोकांसकट.
तिच्यातून दस्ता निघाला,
म्हणजे तिसरा निघाला.
आधीचे दोन बंबात.
पाणी बाकी छान तापलं, भूदेवी म्हणाली.

इथल्या मे महिन्यात लाकूड आकसतं,
खोबणीत नळी खुळखुळते;
श्रावणात तीच नळी बसता बसत नाही.
मापं दिवाळीनंतर घ्यावीत
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

कलेक्टर कचेरीत साहेबांनी विचारलं,
मारायचं काय आहे?
काही नाही.
मग कशाला?
यावर मी अजून वाक्य जुळवतोय.
परवाना येईतो नळीचा कान टोचायचा नाही,
एवढं ठरलंय.

आज, सातव्या वर्षी,
रिकामाच घोडा ओढला, सोडला.
खट्.
धोटा पेटीत आपटावा तसा,
बंद पडलेल्या मिलमधला, तेरा नंबरचा माग.

दस्तगीरनं चाप दाबून पाहिला.
केसभर जड आहे, म्हणाला,
आणि कानशीकडे बोट केलं.