देखरेखीखाली

रात्री अडलं की ज्यांना मी फोन करायचे
त्या मगदूम मॅडम गेल्या महिन्यात निवृत्त झाल्या.
ड्यूटीच्या यादीत त्यांच्या जागी आता
माझं नाव आहे, निळ्या पेनानं, जरा तिरकं.
पगार वाढला. खुर्ची मिळाली, तिचा एक हात सैल आहे.
बाकी एका रात्रीत काय बदललं
ते कुणी सांगितलं नाही.

तीन वर्षं या थोरल्या दवाखान्यात मी शिकले
रक्ताच्या पिशवीसाठी जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरायला,
उभ्यानं झोपायला,
राउंडला कुणाच्या मागं कोण चालायचं ते,
आणि सिनियरला उठवण्याआधी
स्वतःलाच चारदा विचारायला : खरंच उठवू?
"एवढ्यासाठी उठवलंस?"
हे वाक्य पुस्तकातल्या कुठल्याही व्याख्येपेक्षा
मला पक्कं पाठ होतं.

लॉगबुकात तीन रकाने.
पाहिलं. मदत केली. देखरेखीखाली स्वतः केलं.
परीक्षेच्या आठवड्यात ते एका बैठकीत भरलं :
एक पेन, एक चहा,
एकशे बारा सह्या.
पानं उलटताना मॅडमनी वर पाहिलं नाही.
मीही नाही.

वॉर्डातले कृष्णातमामा तरुणपणी तालमीत होते.
म्हणाले, "डाक्टरीणबाई, वस्ताद समदं शिकिवतोय,
पर येक डाव राखून ठेवतोय."
मी म्हटलं, "मामा, इथं राखलेला डाव
पेशंटवर उलटतो."
ते हसले. स्ट्रेचरचं वाकडं चाक
लाथेनं सरळ केलं आणि गेले.

सोमवारी रात्री दोन चाळीसला संमेद चौगुलेचा फोन.
दुसऱ्या वर्षाचा पोरगा, आवाजाला इस्त्री केलेली :
"मॅडम, तसं विशेष काही नाही…"
हे 'विशेष काही नाही' माझ्या ओळखीचं.
हातमोज्यात घाम साचलेला असताना
मी ते किती वेळा म्हटलंय.
"बरं केलंस उठवलंस," मी म्हटलं.
तिकडं तो गप्पच.
नंबर चुकला असं वाटलं असावं.

गगनबावड्याकडची बाई, दुसरी खेप.
बाळ रडत होतं. रक्त थांबत नव्हतं.
औषधं त्यानं क्रमानं दिली होती, वेळा लिहून.
पिशवी घट्ट झाली होती, फाटलं होतं ते तोंडाशी.
माझे हात आपोआप पुढं गेले.
मी ते मागं ओढले, पाठीशी एकमेकांत अडकवले,
बोटं दुखेस्तोवर.
येत असताना न करणं
कुठल्या रकान्यात लिहितात?

"वर बघ. अजून वर. फाटलंय त्याच्याही
अर्धा बोट वरून सुरुवात कर."
पहिला टाका सुटला.
सिस्टर लोखंडेंनी माझ्याकडं पाहिलं.
मी मनात रेघ ओढली :
नाडी एकशे वीसच्या पुढं गेली की मी घेणार.
एकशे सोळा.
एकशे अठरा.
एकशे अठरा.
दुसरा टाका बसला.

मॅडम अशाच माझ्या मागं उभ्या राहायच्या,
हात पाठीशी बांधून.
मला वाटायचं, कंटाळल्यात.

पहाटे त्याला म्हटलं, लॉगबुक आण.
"आत्ता? ते शेवटी भरतात ना मॅडम?"
मी त्याच तारखेची सही केली, शेऱ्यात लिहिलं :
पहिला टाका सुटला. फोन वेळेवर.
तो बराच वेळ ते वाचत राहिला.
"सुटलेलं पण लिहायचं?"

मग गंगावेशीत जाऊन
आम्ही उभ्या उभ्या दूध प्यायलो, फेसासकट.
ग्लास उचलताना माझा हात थरथरला.
त्यानं तो पाहिला.
मी लपवला नाही.