लिंक गेली आहे

हर्णै शाखेची लिंक साडेअकराला गेली.
पंखा फिरतोय, शिक्क्याची शाई सुकतेय,
आणि शिपाई बशीर सारंग
पैसे काढायच्या स्लिपेमागे सोळा शब्द लिहून
माझ्यापुढे सरकवतो :
चार-चारांचे चार गट करा, मॅडम. सोपं आहे.

मोरी आणि पायरी मी एका घरात ठेवल्या,
ओटी त्यांच्याच शेजारी.
हलवा संक्रांतीत, लेप कपाळावर,
घोळ तर माझ्याच खातेवहीत, मार्चपासून.

काचेपलीकडे द्वारका पावसे. पासबुक ओलं.
तिनं कागद पलीकडूनच, उलटा वाचला.
अगो, चार तर माझ्या टोपलीतच हायत.
घोळ, मोरी, हलवा, लेप.
लेप म्हंजे चपटा, दोन्ही डोळे एकाच बाजूला,
असं म्हणून तिनं माझ्याकडे
जरा जास्तच वेळ पाहिलं.

मग नाव, पार, भरती, सारंग.
आमच्याकडे पाराला पिंपळ लागतो,
सारंग दुपारी रेडिओवर लागतो,
आणि भरती म्हणजे भोकरदनच्या रस्त्यावर
पहाटे चारला धावणारा माझा भाऊ.
सोळाशे मीटर, पाच मिनिटं वीस.
तीन वर्षं.

बशीर स्लिपेकडे बघत म्हणाला,
आजोबा सारंग होते, दाभोळच्या गलबतावर.
आडनाव नव्हे, काम.
आमचं नाव, आमची नाव,
एकाच लाकडाची.

संध्याकाळी फोनवर भाऊ :
भरतीचं काही कळलं का गं?
इथं दिवसातून दोनदा येते, मी बोलून गेले.
तो हसला.
उशिरा हसला.

रात्री नखं कापू नयेत म्हणतात. कापत होते,
आणि नखऱ्यातून नख निघालं.
मग पायरीतून पाय,
कानशीतून कान,
दातारांचे दात.
एक आख्खं माणूस दुपारपासून
त्या कागदावर बसून होतं
आणि मी त्याला अर्थ विचारत होते.

उरले ओटी, दम, रंग, बाजार.
शेवटचे चार आपोआप जमतात,
त्यात काही शहाणपण नसतं.
पण कशानं जमले, ते सांगता येईना.
स्लिप उशाशी ठेवली, दिवा घालवला.
खिडकीखाली, बंदराच्या अंधारात,
पाणी भरत होतं.