पाच गुणांसाठी आकृती

सव्वीस वर्षं मी लातूरच्या शाळेत
खडूने समुद्र काढला.
निळे खडू संपलेले असायचे, म्हणून पांढराच.
आधी कडा. कड्याला भेग. भेगेची गुहा.
गुहा आरपार गेली की कमान,
कमान कोसळली की एकटा उरलेला स्तंभ.
सुबक आकृती, नावांसह: पाच गुण.

आज खोलच्या उतारावर
काजूच्या बुंध्यांना धरत मी खाली येतेय,
गुडघ्याला पट्टा बांधून.
जांभा तापलाय. पायाखालून खडे सुटतात
शेवटच्या घंटेला मुलं सुटतात तसे.
पुढे शेवंती पागी, अनवाणी,
हातात कोयती आणि रंगाचा रिकामा डबा.
मला वाट दाखवायला ती आलेली नाही.
तिला कालवं काढायचीत, सुकती आहे तोवर.
मी मागून चालले तर तिची हरकत नाही,
एवढंच.

झाडी संपते
आणि पुस्तकातला एक शब्द पायाला लागतो:
तरंगघर्षित मंच.
किती वर्गांकडून घोकून घेतला मी हा!
चौथ्या बाकावरच्या हीना तांबोळीने एकदा
'तरंगहर्षित' लिहिलं,
मी अर्धा गुण कापला, लाल शाईने.
आणि इथे डबक्या-डबक्यात आभाळ,
नखाएवढा खेकडा तिरका पळतोय,
चपलेत शिरलेलं पाणी कोमट, गुदगुल्या करणारं.
हीना, कुठे असशील तिथे,
तुझा अर्धा गुण मी परत देतेय.

गुहेच्या तोंडाशी चपला काढल्या,
का कोण जाणे, देवळाची सवय.
आकृतीत मी गुहेला नुसतं तोंड काढायचे
आणि एक बाण.
आतलं काही नव्हतंच माझ्याकडे:
हा शेवाळ-वटवाघळांचा ओला वास,
लाट आत येऊन मागच्या भिंतीला थडकते
आणि काळोख हुंकार भरतो, म्हातारा माणूस
झोपेत कूस बदलतो तसा.
मी 'हजर' म्हणाले, हळूच.
गुहेनेही म्हटलं.

बाहेर शेवंती खडकाला टेकून
कालवं फोडत होती. एक मला दिलं, कच्चंच.
समोर पाण्यात स्तंभ, सरळ, एकटा.
विचारलं, याला काय म्हणता तुम्ही?
"फातर," ती म्हणाली.
"उदक ताच्या कमरेक पावलें की घरा वचप."

आणि मधली कमान? ती असणार इथे कधीतरी.
"आशिल्ली. पडली.
त्या रातीं आमी जेवतालीं. व्हड आवाज जालो."

बस. पुन्हा कोयती चालू.

माझ्या फळ्यावर कमान आणि स्तंभ यांच्यामध्ये
वीतभर बाण असायचा,
बाणाखाली मी लिहायचे: कालांतराने.
पोरं उतरवून घ्यायची, मुकाट.
कुणी विचारलं नाही, बाई, त्या वेळी
जवळपास कुणाच्या ताटात काय होतं?
मीही शेवंतीला विचारलं नाही.
तोंडात अजून कालवाचं खारटपण होतं.

"चल, चल," ती उठली.
डब्याची कडी मी एका बाजूने धरली,
शिंपल्यांचा खळखळाट मध्ये घेऊन
दोघी चढ चढलो, वाकड्या, न बोलता.
जांभ्याचा चटका बसला तेव्हा कळलं,
चपला खालीच राहिल्या.
वळून पाहिलं.
शेवंतीने कपाळावर हात धरून नीट बघितलं
आणि म्हणाली, "रावूं दी."
फातराच्या कमरेला पाणी लागलं होतं.