उलट-सुलट

टोचा हाती देताना अम्पा सर म्हणाले,
उजवीकडून डावीकडे टोचत जा.
पान उलटलं की सुलटं होतं.

विनेबातला माझा तिसरा आठवडा.
खिडकीबाहेर होड्या ओढणाऱ्यांची आरोळी,
आत मी सहा ठिपक्यांत अडकलेली.

संध्याकाळच्या तासाला वीज गेली. पंखा थांबला.
आम्ही चाळीस जण मोबाइल चाचपडतोय,
सर मात्र आमचे गृहपाठ वाचतच होते.
एका पानावर बोट अडलं.
"ही इसाबा कोण? हजेरीत तर नाही."

दोन ठिपके, आरशात बघितल्यासारखे फिरलेले.
एसाबा, सर. मीच ती.
काळोखात सगळे खो खो हसले. सरही.

सुट्टीत ते पान घरी नेलं.
आई भट्टीवर मासे धुरावत होती.
"आंधळ्यांची अक्षरं शिकायला चार वर्षं लागतात होय?"
लुगड्याला नव्हे, गुडघ्याला हात पुसले,
पान चाचपलं
जाळाने राठ झालेल्या बोटांनी.
"कोरं आहे गं हे."

थोडी थांबली.
मग तेच पान गालावरून फिरवलं,
डोळे न मिटता, भट्टीवर लक्ष ठेवून.
"हां," म्हणाली,
"इथं आहे काहीतरी."