पावती

मे महिना. जिल्हा कचेरीच्या भिंतीशी
कडुनिंबाखाली माझं टेबल, टाइपरायटर,
डोक्यावर ओला पंचा.
तळकर आले, अजनीचे, रेल्वेतले रिटायर गार्ड.
"प्रतिज्ञापत्र करायचंय. लिहा,
मी, एलियाझर हसाजी तळकर, वय बहात्तर,
करणी करत नाही."

बोटं थांबली. "काऊन जी?"

त्यांच्या दाराच्या चौकटीला उजवीकडे
एक डबी, तिरपी ठोकलेली.
आत चामड्यावर लिहिलेली प्रार्थना.
जिन्यात लिंबं सापडली, सेक्रेटरीचा कूलर जळला,
आणि कुणाच्या तरी पोरानं मोबाइलवर वाचलं:
यहुदी, आकडे, कब्बाला, काळी विद्या.
बर्डीवर तर त्या नावाचा लाल दोराच मिळतो,
चाळीस रुपये, फेंगशुईच्या बेडकाशेजारी.

"अहो, आम्ही कुलाब्याकडचे तेली.
शनिवारी घाणा बंद, एवढंच आमचं गूढ.
ते ग्रंथ मी उघडूनही पाहिले नाहीत.
शब्द तेवढा माहीत आहे.
क, ब, ल. घेणे.
एकानं दिलं, दुसऱ्यानं घेतलं, ते कब्बाला."
"आणि अब्राकाडब्रा?"
"ते कुठलं, कुणालाच नक्की ठाऊक नाही.
खपतं आमच्या नावावर."

मग माझ्याच कागदावर बोट ठेवलं,
जिथं सवयीनं मी आधीच छापून ठेवलेलं:
वरील मजकूर मला कबूल आहे.
"हा बघा. त्याच मुळाचा.
अरबीतून फारसीत, फारसीतून या कचेरीत."

तीस वर्षं हा शब्द विकतोय मी,
भाडेकरूला, घरजावयाला,
भावासाठी हिस्सा सोडणाऱ्या बहिणीला.
ब-ची कळ झिजून गुळगुळीत झाली.
त्याला कुठलं गाव असेल, मनात आलं नाही.

त्यांची नात अश्दोदला असते.
पहिल्याच दिवशी दूध घेतलं,
दुकानदारानं विचारलं, कब्बाला हवी?
पोरगी दचकली.
त्यानं बिलाचा चिटोरा पुढे केला.
तळकर हसले, कवळी सावरत.

करणीचं वाक्य आम्ही शेवटी खोडलं.
करत नाही म्हटलं की
करत असावा असंच वाटतं, बाप्पा.
डबीत प्रार्थना आहे, एवढंच ठेवलं.
त्यांनी सही केली, मराठीत, गार्डाच्या ठसठशीत अक्षरात.

दीडशे झाले. सुटे मोजून दिले
आणि हात तसाच पुढे.

मी कधीच देत नाही.
तरी ड्रॉवर उपसला, पुस्तक सापडलं,
कार्बन वाळून कडक झालेला.
तारीख घातली. मिळाले, असं लिहिलं.
किती, ते राहूनच गेलं.